औषध कुठलं, नशा कुठली

तुझं नाव इथे लिहीत नाही. आपली ओळख झाली तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास, आणि बाल न्याय मंडळासमोर आलेल्या मुलाचं नाव कुठे छापायचं नाही असा कायदा आहे. पुढे तू मोठा झालास, कामाला लागलास, आणि आता तर नाहीसच. तरीही हा नियम तुला लागू होतो का, हे मी आमच्या वकील मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "नकोच लिहूस, उगाच टेन्शन." तू असतास तर पुढचा प्रश्न टाकला असतास, "मेलेल्या मानसाला पन बाल म्हनतात काय?" आणि मी नेहमीसारखी म्हणाले असते, विचारून सांगते.

माझ्याकडे तुझे असे बरेच प्रश्न विचारून सांगायचे राहिलेत. मी समुपदेशक, म्हणजे प्रश्न विचारणं हे माझं काम. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ज्या निरीक्षणगृहात ठेवतात, तिथे मी कोपरखैरण्याहून रोज जाते, मुलांशी बोलते, आणि मूल कुठून आलं, का आलं ते मंडळाला कळवते. इतक्या मुलांशी बोलले, पण उलटे प्रश्न विचारणारा तू एकटाच.

पार्किंगमधल्या स्कूटरच्या डिक्क्या उघडून मोबाइल काढताना तुम्ही तिघं सापडलात. बाकीचे दोघं अठराच्या पुढचे, ते तुरुंगात गेले. तू आमच्याकडे आलास. आठवड्यानं माझ्यासमोर बसलास तेव्हा इतके दिवस काही न मिळाल्यामुळे टेबलाखाली तुझे पाय सारखे हलत होते. मी ठरलेला प्रश्न विचारला, "का घ्यायला लागलास?"

"सगले तेच विचारतात," तू म्हणालास. "पोलीस, जज मॅडम, आई. आता तुमी. कसं वाटतं ते कोन विचारत नाय."

"बरं. कसं वाटतं?"

तू माझ्याकडे संशयानं पाहिलंस. मी काही लिहून घेतेय का, तेही पाहिलंस. मग म्हणालास, "सोल्यूशनचं येगलं, गोल्यांचं येगलं."

आणि मग तू मला शिकवायला बसलास. पंक्चरचं सोल्यूशन हुंगलं की आवाज लांब जातात, आपल्याच घरातली भांडी शेजाऱ्याकडे पडल्यासारखी वाटतात. हात आपले वाटत नाहीत. गोळ्यांचं उलट. सगळं जवळ येतं, आणि कशाची म्हणून भीती उरत नाही. "म्हनून डिकी खोलता येते," तू म्हणालास. "न घेता मना नसती खोलता आली. मी लय घाबरट हाय."

व्यसनावरची पुस्तकं वाचून मी या नोकरीत आले होते. त्या पुस्तकांत हे वाक्य कुठे नव्हतं. मी लगेच माझं गणित मांडलं. तुझे वडील करावेच्या खाडीत जाळी टाकायचे, तू आठवीत असताना ते गेले, आई सीवूड्सच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाऊ लागली, घरात एकटा मुलगा, म्हणून भीती. मी हळूच वडिलांचा विषय काढला.

"बगा," तू म्हणालास, "लगेच बापावर गेलात."

मला हसू आलं. तूही हसलास. त्यानंतर पुढची सहा-सात वर्षं मी तुझ्या वडिलांबद्दल काहीच विचारलं नाही. तू आपणहून सांगशील याची वाट पाहत राहिले. तू सांगितलं नाहीस. त्यांच्याबद्दल माझं गणित बरोबर होतं की चूक, आता कळायचं नाही.

मंडळानं तुला व्यसनमुक्तीच्या वॉर्डात पाठवलं, मग घरी सोडलं, देखरेखीखाली. तू महिन्यातून एकदा मला भेटायचास. एकदा भेटीचा दिवस चुकला आणि नेरूळ स्टेशनवरून फोन आला. जीभ जड होती.

"ताई, मी परत घेतली. आता काय होतं, सांगा. पुन्हा पहिल्यापासून का?"

"तू कुठे आहेस ते सांग आधी."

"ते नंतर. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का मधलं धरायचं?"

त्या अवस्थेतही तुला न घेतलेल्या दिवसांच्या हिशेबाचा नियम हवा होता. मी म्हणाले, मधलं धरायचं, ते कुठे जात नाही. हे मी कुठल्या पुस्तकातून नाही, तेव्हा सुचलं म्हणून बोलले. तू प्लॅटफॉर्मवर बसून राहिलास आणि आई येऊन तुला घेऊन गेली. पुढे कधीतरी तू सांगितलंस की ते एक वाक्य तुला पटलं होतं. बाकीचं माझं बोलणं ठीकठाक.

एसीचं काम तू का निवडलंस, ते मला चांगलं आठवतं. आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन सगळं होतं. तुझं कारण असं, की गॅस दिसत नाही, तरी खोली गार होते, ती कशी? पहिल्या वर्षाच्या शेवटी तू मला ते समजावून सांगितलंस. गॅस थंडी आणत नाही, तो खोलीतली गरमी उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. "म्हंजे गरमी संपत नाय," तू म्हणालास, "दुसरीकडं जाते. बाहेर उभा रानाऱ्याला इचारा."

आमच्या घरचा एसी दुरुस्त करायला आलास तो दिवस. सासूबाईंनी चहा दिला आणि साताऱ्याकडची माणसं विचारतात तसं गाव, घर, लग्न सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंची आणि तुझी ओळख कुठली?" मी स्वयंपाकघरात थांबले. पुढे होऊन काहीतरी सांगावं का, असं वाटलं.

"आमी एकाच ठिकानी होतो," तू म्हणालास. "ताई नोकरीला होत्या, मी आपला असाच."

सासूबाईंना ते पुरलं. आजही त्या विचारतात, तो एसीवाला मुलगा का येत नाही. मी अजून सांगितलेलं नाही.

आपलं खरं भांडण झालं ते तू निरीक्षणगृहात बोलायला आलास तेव्हा. आमच्या अधीक्षकांची कल्पना अशी, की सुधारलेला मुलगा समोर उभा करायचा आणि त्यानं सांगायचं, नशा वाईट, बाळांनो दूर राहा. मी तुला विचारलं, तू लगेच हो म्हणालास. इस्त्रीचा शर्ट घालून आलास. मुलं सतरंजीवर बसली होती, अशा भाषणाला बसतात तशी, खाली मान घालून.

तू म्हणालास, "मजा यायची. खोटं कशाला बोलू?"

सगळ्या माना वर आल्या. अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं.

"पयल्यांदा मजा यायची. मग मजा गेली नि तहान राह्यली. आता तहान कधी येते, कधी नाय. आली का मी पान्याची बाटली घेऊन जिने चढतो. त्यानं जाते असं नाय. पन दमायला होतं." मग म्हणालास, "इचारा."

आणि मुलांनी विचारलं. एवढी वर्षं मी तिथे आहे, त्या हॉलमध्ये मुलांना प्रश्न विचारताना मी पहिल्यांदा पाहिलं. झोप लागते का? स्वप्नात येते का? जुने दोस्त भेटले तर काय बोलतोस? घणसोलीचा एक मुलगा, जो आमच्याशी कधी बोलायचा नाही, त्यानं विचारलं, "आईनं परत घरात घेतलं?" तू म्हणालास, "घेतलं. पन माझ्या हातात बाजाराची पिशवी द्यायला तिला वरीस लागलं."

हे सगळं झाल्यावर जिन्यात मी तुझ्यावर रागावले. मजा हा शब्द वापरायला नको होता, म्हणाले. यातलं एखादं पोर फक्त तेवढंच लक्षात ठेवेल.

"ताई, त्यांना म्हायतीच हाय मजा येते. तुमी नाय म्हनता, मग तुमाला ते खोटारडे समजतात. मग तुमी पुढचं खरं बोललात तरी कोन ऐकनार?"

"आणि एखाद्यानं अजून घेतलीच नसेल तर? त्याला तू सांगितलंस ना, मजा येते म्हणून."

यावर तू खरंच विचारात पडलास. कठड्याला टेकून उभा राहिलास. "हां," म्हणालास. "त्याचं काय करायचं ते नाय म्हायती." मग म्हणालास, "बोलू परत." आपण ते परत बोललो नाही. मी अजून दोन्ही बाजूंनी भांडत असते. त्या हॉलमध्ये भाषण असलं की तुझ्या बाजूनं, आणि एखादा नवाकोरा, घाबरलेला मुलगा आला की माझ्या.

या मे महिन्यात तू पडलास. घणसोलीतल्या एका टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावर बाहेरचा युनिट बसवत होतास. ज्या छज्ज्यावर उभा होतास त्याचा कोपरा तुटला. कंत्राटदारानं कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा दिला नव्हता. खाली माती होती म्हणून डोकं वाचलं, पण मांडीचं हाड आणि कंबर मोडली. तुला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं, तोवर खाली जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं होतं, नशेत असेल. कोण म्हणालं, त्याला तुझं आधीचं कसं ठाऊक, मला शोधूनही कळलं नाही. कायदा सांगतो की असल्या मुलाची जुनी नोंद पुसून टाकायची, त्याला कुठे आडवी येऊ द्यायची नाही. आम्ही पुसली. तुझ्या करावे गावानं आणि घणसोलीनं पुसली नसावी.

जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं तुझ्या आईला तेच विचारलं, "घेतो का काही?" तुझी आई गावात मोठ्यानं बोलणारी बाई नाही. ती म्हणाली, "रक्त तपासा त्याचं. सगलं तपासा. आनि काय निगालं ते इथं सगल्यांम्होरं सांगा." डॉक्टरांनी तपासलं. काही निघालं नाही. तुझ्यावर उपचार करणारी ती तरुण डॉक्टर, विदर्भातली, तिनं तुझ्या आईच्या सांगण्यावरून ते खरंच वॉर्डात उभं राहून सांगितलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या पेशंटांना काय चाललंय ते कळलं नाही. आई मात्र त्यानंतर जेवली.

सूज उतरेपर्यंत ऑपरेशन करता येणार नव्हतं, आणि दुखणं असं की तू टॉवेल चावून धरायचास. डॉक्टर इंजेक्शन घेऊन आली. तू विचारलंस यात काय आहे. तिनं सांगितलं, मॉर्फिन. तू म्हणालास, म्हंजे अफूच ना? ती म्हणाली, अफूपासूनच करतात. तू हात मागे घेतलास. साध्या गोळ्यांवर दोन दिवस काढलेस. तिसऱ्या दिवशी आईनं मला फोन केला, "बाय, तू ये. तुजं ऐकल तो."

तू कोणाचं ऐकणारा नव्हतास, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी मी आले. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ फुटले होते.

"तुमीच शिकवलंत," तू म्हणालास. "पयलीच नाय घ्यायची."

"ती वेगळी. हे औषध आहे."

"मना म्हायती हाय औषध हाय. तुमाला म्हायती हाय. शरीराला म्हायती असतं काय?"

मी डॉक्टरला बोलावलं आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा तिला विचारला. तिला राऊंड होता, मागे पेशंटांची रांग होती. तरी ती तुझ्या खाटेच्या कडेला टेकली. म्हणाली, "शरीराला फारसा फरक कळत नाही. खरं तेच सांगते. तुझं आधीचं आहे म्हणून धोका जरा जास्त. पण इतकं दुखत असताना मोजून दिलं, आणि दुखणं उतरलं की हळूहळू बंद केलं, तर बहुतेक जण सुटतात. मी स्वतः मोजून देईन. प्रत्येक वेळी किती दिलं ते तुला सांगेन."

"बहुतेक," तू म्हणालास.

"बहुतेक," ती म्हणाली.

मला वाटलं आता तू नाही म्हणणार. पण तुझा चेहरा मोकळा झाला. कोणी खोटं बोललं नाही की तुझं तसं व्हायचं. मग तू माझ्याकडे वळलास.

"घेतो. पन तुमी इथंच बसायचं. मी कसा दिसतो ते बगायचं, नि मंग मना सांगायचं. सगलं. बरं वाटावं म्हनून नाय."

"कशासाठी?"

"मना कदी कललंच नाय ना. तवा बगनारे पन घेतलेलेच असायचे. नि आई बगायची नाय, आत जायची."

दुपारी डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि किती दिलं ते सांगितलं. तू मान हलवलीस, विद्यार्थ्यानं हलवावी तशी. मी स्टूल ओढून बसले. तू झोपलास, आणि मी तुला बघत राहिले. संध्याकाळी भेटीची वेळ संपली तेव्हा तू अजून झोपेतच होतास. मी घरी आले. भाजी चिरत होते तेव्हा तुझा फोन आला. आवाज घोगरा, पण तुझा.

"सांगा."

"फोनवर नको. उद्या येते, नीट सांगते."

"लय वाईट दिसत होतो काय?"

"नाही रे."

"मंग?"

"उद्या म्हटलं ना."

"बरं," तू म्हणालास. आणि मग, "ताई, भूक लागलीय. तवा नसायची लागत." ही बातमी तू मला एखाद्या शोधासारखी दिलीस. मी म्हणाले, मग जेव की. मागे आई काहीतरी बोलत होती, डब्याचं झाकण वाजलं.

सकाळी मी निघायच्या तयारीत होते तेव्हा आईचा फोन आला. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, त्यावरून मला कळलं, तू गेलास.

डॉक्टर मला वॉर्डाच्या दारात भेटली. तिचे डोळे सुजले होते. एवढं मोठं हाड मोडलं की कधीकधी रक्ताची गुठळी होते, रक्त पातळ करायचं औषध चालू असूनही होते, आणि ती फुफ्फुसात जाते. काही मिनिटांत सगळं झालं. तू असतास तर पहिला प्रश्न कुठला विचारला असतास ते मला ठाऊक होतं, म्हणून मीच विचारला, "इंजेक्शनमुळे नाही ना?" ती म्हणाली, "नाही. मीही सकाळपासून सगळं पुन्हा तपासून पाहिलं. नाही." आईलाही तिनं तेच सांगितलं. आईनं तिचा हात धरला. म्हणाली, "तू दिलंस म्हनून येक दिस तरी झोपला माजा पोऱ्या."

परवा खाडीवर तुझा दहावा झाला. निरीक्षणगृहातून आलेली मी एकटी, आणि घणसोलीचा तो मुलगा, जो आता बाहेर आहे आणि बेकरीत काम करतो. तो माझ्याशी बोलला नाही. आईला पाव दिले, नमस्कार केला, आणि गेला. गावातलं कोणी अजूनही म्हणत असेल, नशेत पडला. आई कोणाला काही समजावत बसत नाही. मला म्हणाली, "ज्यांनी ऐकाचं होतं त्यांनी वॉर्डात ऐकलं."

आता तुला सांगते. बरं वाटावं म्हणून नाही, तू म्हणालास, तसंच.

सुई गेल्यावर थोडा वेळ तू छताकडे बघत होतास. कपाळावरची आठी आधी गेली, मग मुठी सैल झाल्या. डोळे मिटले, पण पुरते नाहीत. पापण्यांखाली पांढरी कड दिसत होती. नाकावर घाम होता. खालचा ओठ डावीकडे लोंबला आणि तिथून लाळ आली. हा चेहरा मी आधी पाहिला होता. पोलिसांनी तुला आणलं त्या दुपारी, माझ्याशी पहिल्यांदा बोलण्याच्या आठवडाभर आधी, तू आमच्या व्हरांड्यात बाकावर पडला होतास, अगदी असाच. पुढे नवीन समुपदेशक शिकायला आले की मी त्यांना सांगायची, असा चेहरा दिसला की समजायचं, मुलानं काहीतरी घेतलंय. म्हणून वॉर्डात मी त्या दोन चेहऱ्यांतला फरक शोधत बसले. दुपारभर शोधला. सापडला नाही.

तेवढ्यात तुझी आई डबा घेऊन आली. तिनं डबा खाली ठेवला आणि तुझ्याकडे पाहत उभी राहिली. मला वाटलं आता ती तोंड फिरवेल, बाहेर जाईल. ती पुढे झाली, पदरानं तुझी लाळ पुसली आणि उशाशी बसली.

"बग ना बाय, कसा झोपलाय," ती म्हणाली. "बारका होता तवा ताप उतारला का आसाच झोपाचा."